ओळखीचा रस्ता: कोल्हापुरात विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींचा प्रवास सुकर कसा करावा

कसबा बावड्याहून दसरा चौकापर्यंतचे अंतर फार नाही. माझ्या धाकट्या भावाला मात्र ते एकट्याने कापायला शिकण्यासाठी चौदा महिने लागले. तो आज सव्वीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, स्वमग्नतेची (ऑटिझमची) काही लक्षणेही आहेत, आणि दसरा चौकाजवळच्या एका कार्यशाळेत तो कागदी पिशव्या व फायली बनवतो. त्या चौदा महिन्यांत आम्ही घरच्यांनी, कार्यशाळेतील शिक्षिकांनी आणि आणखी काही पालकांनी मिळून जे केले, जे चुकले आणि जे नंतर दुरुस्त केले, ते इतर कुटुंबांना, विशेष शाळांना आणि वाहतुकीशी संबंधित कर्मचाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडते आहे.

दिव्यांगांसाठी वाहतूक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चाकाची खुर्ची आणि रॅम्प येतो. रॅम्प हवाच, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या अनेकांना त्याच्याशिवाय बसमध्ये पाऊल टाकता येत नाही. परंतु ज्यांना पायरी चढता येते आणि तरीही एकट्याने घराबाहेर पडता येत नाही, अशा कितीतरी व्यक्तींपुढचा अडथळा वेगळा असतो. पुढे काय घडणार आहे याचा त्यांना अंदाज बांधता येत नाही. बस आज कोठे थांबेल, वाहक काय विचारील, रस्ता अचानक का वळवला, गर्दीत कोणाचा हात अंगाला लागेल, यांपैकी एकही गोष्ट ठरलेली नसेल तर त्यांना प्रवास म्हणजे रोज नवी परीक्षा वाटते. म्हणून पुढे सुचवलेल्या प्रत्येक उपायामागे प्रवासातील अनिश्चितता कमी करणे हाच हेतू आहे, आणि यातील बरेचसे उपाय पैशांपेक्षा माणसांच्या सवयींशी निगडित आहेत.

सुरुवात वहीपासून करावी

निवेदन लिहिण्यापूर्वी, मोर्चा काढण्यापूर्वी आणि व्हॅन विकत घेण्याचा विचार करण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवावी. प्रवास थांब्यापासून सुरू होत नाही. तो घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो आणि कार्यशाळेच्या, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात संपतो. त्यामुळे घरातून निघणे, थांब्यापर्यंत चालणे, थांबणे, योग्य बस ओळखणे, चढणे, तिकीट किंवा पास दाखवणे, बसणे किंवा उभे राहणे, उतरण्याची जागा ओळखणे, उतरणे, रस्ता ओलांडणे आणि शेवटी दारापर्यंत पोहोचणे, असे अकरा टप्पे वहीत आडवे आखावेत आणि प्रत्येक टप्प्यापुढे तो स्वतःहून झाला, आठवण करून दिल्यावर झाला, हात धरल्यावर झाला की झालाच नाही, एवढेच लिहावे.

आमचा समज असा होता की भावाला बसमधील गर्दीचा त्रास होतो. वही भरल्यावर दिसले की गर्दीत तो खिडकीच्या दांड्याला धरून शांत उभा राहतो आणि त्याची घालमेल होते ती थांब्यावर, बस येईपर्यंतच्या वेळात. म्हणजे आम्ही ज्या अडचणीवर उपाय शोधत होतो ती अडचण त्याची नव्हतीच. पालक आणि शिक्षकांच्या अंदाजावर आधारलेली योजना अशी चुकते, म्हणून वहीचे काम कंटाळवाणे वाटले तरी वगळू नये.

नोंद ठेवताना ज्याचा प्रवास आहे त्यालाही विचारावे. बोलता येत नसेल तर छायाचित्रे पुढे ठेवून कोणते आवडते आणि कोणते नको ते निवडायला सांगावे. सज्ञान व्यक्तीला कोठे जायचे आहे हे तिने ठरवायचे असते. आपण तिच्यासाठी दवाखाना आणि कार्यशाळा एवढेच दोन मुक्काम गृहीत धरून चालतो, ही आपली फार जुनी चूक आहे.

गरजांमधील फरकही येथेच टिपून ठेवावा. स्वमग्न व्यक्तीला कर्णकर्कश हॉर्न, डिझेलचा वास किंवा अनपेक्षित स्पर्श असह्य होऊ शकतो. तिच्यासाठी कानांवरचे आवाजरोधक हेडफोन आणि खिडकीजवळची ठरलेली जागा यांचा मोठा आधार असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो, त्यामुळे जोरात ब्रेक लागल्यावर मानेला बसणारा झटका धोक्याचा ठरू शकतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांनी बसनेच प्रवास करावा की पाठ आणि डोके टेकवता येईल अशा वाहनाने, हे ठरवावे. अपस्माराचे झटके येत असतील तर त्याची माहिती सोबतच्या कार्डावर असणे आवश्यक आहे.

प्रवास शिकवता येतो

अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्यातील १९९७ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नियमांत प्रवासाचे प्रशिक्षण हा विशेष शिक्षणाचाच भाग मानला गेला. आपल्याकडे विशेष शाळांत दात घासणे, शर्टाची बटणे लावणे, पैसे ओळखणे हे टप्प्याटप्प्याने शिकवले जाते, पण बसने जाणे क्वचितच शिकवले जाते. वास्तविक पद्धत तीच आहे. मोठ्या कामाची लहान कामांत फोड करायची, एका वेळी एकच लहान काम शिकवायचे आणि मदत हळूहळू कमी करत न्यायची.

येथे एक युक्ती आम्हाला शिक्षिकांनी सांगितली आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला. प्रवास सुरुवातीपासून शिकवण्याऐवजी शेवटाकडून शिकवावा. पहिल्या महिन्यात मी भावासोबत दसरा चौकापर्यंत पूर्ण मदत करत जात असे आणि उतरल्यावर कार्यशाळेपर्यंतचे चालणे तेवढे त्याला एकट्याने करू देत असे, मी वीस पावले मागे. पोहोचल्याचे समाधान लगेच मिळत असल्यामुळे तो टप्पा लवकर पक्का झाला. त्यानंतर बसमधून उतरणे आणि चालणे हे दोन्ही त्याचे, मग उतरण्याची जागा ओळखणेही त्याचे, अशा रीतीने आम्ही एकेक पाऊल मागे सरकत घरापर्यंत आलो. सुरुवातीपासून शिकवले असते तर त्याच्या वाट्याला पहिला अवघड टप्पा आणि त्यापाठोपाठ माझी मदत, असेच रोज आले असते.

खुणा निवडताना कोल्हापूरकरांनी एक काळजी अवश्य घ्यावी. चौकातले फ्लेक्स खूण म्हणून कधीही वापरू नयेत. वाढदिवस, निवड, स्वागत आणि श्रद्धांजली यांचे फलक आठवड्याला बदलतात, आणि ज्याच्या आधारावर उतरायचे ते चित्रच नाहीसे झाले की शिकलेले सर्व विस्कटते. दसरा चौकातील राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा, ताराराणी चौकातील घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा पुतळा, एखादे मंदिर, मोठे झाड, पूल किंवा पोलीस चौकी अशा न हलणाऱ्या खुणा घ्याव्यात. प्रत्येक खुणेचे छायाचित्र बसच्या खिडकीतून दिसते त्याच कोनातून काढावे. रस्त्यावर उभे राहून काढलेले छायाचित्र आपल्याला सारखेच वाटते, पण शिकणाऱ्याला ती दुसरी जागा वाटू शकते. ही छायाचित्रे क्रमाने लावून, जाड कागदावर चिकटवून, खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका करावी. उतरण्याच्या खुणेच्या आधीची एक खूणही त्यात असावी, म्हणजे जागेवरून उठून दाराकडे येण्यास वेळ मिळतो.

सराव सुरुवातीला दुपारी करावा. शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या वेळा टाळल्या की बस रिकामी असते, वाहकाला बोलायला सवड असते आणि चूक झाली तरी मागे कोणी ढकलत नाही. सवय झाल्यावर मगच सकाळच्या गर्दीत न्यावे. हे करताना एकाच थांब्यावर, एकाच बाजूला, शक्य तर एकाच वेळेच्या बसची वाट पाहावी. थांब्यावरचा वेळ भावासाठी सर्वांत कठीण होता, हे वर सांगितलेच आहे. त्यावर उपाय म्हणून आम्ही त्याला एक मनगटी घड्याळ आणि खिशात चार रंगीत कार्डे दिली. दर पाच मिनिटांनी एक कार्ड एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचे आणि चौथे कार्ड टाकूनही बस आली नाही तर घरी फोन करायचा, एवढाच नियम. रिकाम्या वाट पाहण्याला काहीतरी करण्यासारखे मिळाले आणि येरझारा थांबल्या.

चुका मुद्दाम शिकवाव्यात, हा मुद्दा पालकांना पटवणे फार अवघड जाते, पण त्याला पर्याय नाही. बस ठरल्या जागी थांबली नाही, झोप लागून थांबा चुकला, बस मध्येच बंद पडली, मोबाइलची बॅटरी संपली, या चार प्रसंगांचा सराव सोबत असतानाच करून घ्यावा. आम्ही भावासोबत ठरवून एक थांबा पुढे उतरलो आणि आता काय करायचे ते त्याला करू दिले. मदत कोणाकडे मागायची, याचाही स्पष्ट नियम हवा. गणवेशातील वाहक किंवा पोलीस आणि दुकानात गल्ल्यावर बसलेली व्यक्ती यांच्याकडेच मदत मागावी. रस्त्याने चालणाऱ्या, स्वतःहून जवळ येणाऱ्या किंवा गाडीवर बस म्हणणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नये, मग तो नाव घेऊन हाक मारत असला तरी. ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये चित्रासह पहिल्या जागी साठवून ठेवावा.

एकट्याने पाठवण्यापूर्वी काही दिवस लपून मागे जावे. त्याच्या ओळखीचे नसलेले कोणीतरी बसमध्ये बसावे आणि घरातील व्यक्तीने दुचाकीवरून मागे राहावे. सलग दहा फेऱ्या एकाही मदतीशिवाय पार पडल्यावरच आम्ही मागे जाणे थांबवले. काहीजणांना हा टप्पा कधीच गाठता येणार नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सोबतीला माणूस असूनही पास स्वतः दाखवणे, उतरण्याची खूण स्वतः ओळखणे, हे ज्याला जमले त्याचा प्रवास तेवढा त्याचा झाला.

खिशातले कार्ड

प्रवासात सोबत ठेवायच्या माहितीच्या कार्डाच्या दोन बाजू असाव्यात. समोरची बाजू वाहकाला दाखवण्यासाठी, मोठ्या अक्षरांत: “मला दसरा चौकात उतरायचे आहे. मला बोलायला वेळ लागतो. कृपया थोडे थांबा आणि सावकाश बोला.” मागची बाजू अडचणीच्या वेळी वाचण्यासाठी: दोन फोन क्रमांक, आवश्यक औषधाची किंवा झटक्याची माहिती आणि व्यक्ती घाबरली तर काय करावे याची एक ओळ. घराचा पत्ता आणि दिव्यांगत्वाचे निदान गळ्यातील ओळखपत्रावर सर्वांना दिसेल असे कधीही लिहू नये. फसवणूक आणि छळ करणाऱ्यांना ती आयती माहिती होते.

काहींना गळ्यात ओळखचिन्ह घालणे आवडत नाही, तर काहींना त्याचा आधार वाटतो. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली हिरव्या पट्ट्यावरील सूर्यफुलाचे चिन्ह सुरू झाले. दिसून न येणारे दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशाने ते स्वेच्छेने घालायचे आणि कर्मचाऱ्यांनी ते पाहून थोडा अधिक वेळ द्यायचा. आपल्या शहरात असे चिन्ह ठरवायचे असेल तर आधी कर्मचाऱ्यांना त्याचा अर्थ शिकवावा लागेल, अन्यथा ते केवळ बोट दाखवण्याचे निमित्त होईल.

चालक, वाहक आणि एक तास

एका प्रवासात माझ्या भावाचा पास खोटा ठरवून त्याला मधल्या थांब्यावर उतरवण्यात आले. “धडधाकट दिसतोस की” हे त्याला ऐकवले गेलेले वाक्य तो आजही कधी कधी स्वतःशी पुटपुटतो. ज्यांनी ते केले त्यांना दिव्यांगत्व म्हणजे कुबडी किंवा काळा चष्मा एवढेच माहीत होते, आणि माहिती नसणे हे शिकवून दूर करता येते, असे मी तेव्हापासून मानत आले आहे.

यासाठी केएमटीसारख्या (कोल्हापूर महापालिकेची शहर बससेवा) परिवहन उपक्रमाच्या आगारात पाळी सुरू होण्यापूर्वीचा एक तास मागावा. दिवसभराचे शिबिर मागितले तर ते पुढे ढकलले जाते. एक तास मिळतो. विशेष शिक्षिका, एक पालक आणि रोज त्या मार्गाने जाणारे दोन प्रवासी, म्हणजे आपली मुलेमुली किंवा भावंडे, एवढ्यांनी जावे. प्रवासी स्वतः समोर असणे महत्त्वाचे आहे, कारण ज्या तरुणाला एकदा नावाने ओळखले त्याला पुढच्या वेळी वाहक आपणहून सांगतो, “बाळा, तुझा चौक आला.” आमच्या मार्गावर ही एक ओळख कोणत्याही फलकापेक्षा अधिक उपयोगी पडली.

त्या तासात सांगायच्या गोष्टी थोड्या असाव्यात. बस थांब्याच्या कडेला लागून उभी करावी. रस्त्याच्या मध्यात थांबवली तर खाली पाय टाकताना पडण्याची भीती वाढते. प्रवासी बसेपर्यंत किंवा दांडा धरेपर्यंत बस हलवू नये. बोलायचे ते त्या प्रवाशाशी बोलावे, सोबत्याशी नव्हे, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारून उत्तरासाठी मनात दहा अंक मोजावेत. दंड धरून ओढू नये. कोणी कान झाकून झुलत असेल किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर ते दारू किंवा वेड नव्हे, स्वतःला शांत ठेवण्याची ती त्याची रीत असते. इतर प्रवाशांना हे एका वाक्यात सांगावे आणि भोवतालची गर्दी हटवावी. थांब्याचे नाव प्रत्येक वेळी मोठ्याने पुकारावे. याचा लाभ गावाकडून पहिल्यांदाच आलेल्या आजीलाही होतो.

अपस्माराच्या झटक्याविषयी थोडे विस्ताराने सांगावे, कारण येथे चुकीच्या समजुती घट्ट आहेत. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. दातांमध्ये चमचा, बोट किंवा कापड घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. बस बाजूला घ्यावी, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवाव्यात, अंगाचे हिसके ओसरले की व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, एकापाठोपाठ दुसरा आला किंवा मार लागला असेल तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

बस आणि थांबा

शहरी बसचा मजला जमिनीपासून ४०० मिलिमीटर असेल तर ती लो-फ्लोअर, ६५० असेल तर सेमी-लो-फ्लोअर आणि ९०० असेल तर नेहमीची उंच बस मानली जाते. पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरसाठी १०० ई-बस मंजूर झाल्या आहेत; कोणत्याही नव्या बसच्या बाबतीत मजल्याची उंची, रॅम्प, थांब्याची ध्वनिघोषणा आणि आतील दर्शक फलक हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि त्याच पत्रात थांब्यांची मागणीही करावी, कारण कठडा फुटका किंवा समोर दुचाकींची रांग असेल तर लो-फ्लोअर बसही कडेला लागू शकत नाही.

थांब्यावर बसायला बाक, सावली आणि मार्गाचा चित्रफलक हवा. प्रत्येक मार्गाला एक रंग आणि प्रत्येक मोठ्या थांब्याला एक ठळक चित्र दिले तर अक्षरे न वाचता येणाऱ्यालाही बस ओळखता येते. असा फलक तयार करण्यास मोठा निधी लागत नाही, आणि तो आधी एकाच मार्गावर लावून पाहता येतो.

रिक्षा, व्हॅन आणि वडाप

बस जेथे पोहोचत नाही किंवा झेपत नाही तेथे रिक्षाच आधाराला येते. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशा उपनगरांतील अनेक घरे रिक्षामामांच्या भरवशावर चालतात, आणि चांगला रिक्षामामा म्हणजे कुटुंबातलाच माणूस होऊन जातो. तरीही व्यवहार विश्वासावर सोडू नये, लिहून घ्यावा. मुलाला कोणाच्या हाती द्यायचे त्या दोनच व्यक्तींची नावे, ती दारात नसतील तर काय करायचे, चालक आजारी पडल्यास बदली कोण येणार आणि त्याची ओळख मुलाला आधी कशी करून द्यायची, हे सर्व कागदावर असावे. बदली चालकाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अनोळखी माणूस दारात दिसल्यामुळे मूल रिक्षात न बसणे आणि त्या दिवशीची शाळा बुडणे हे आमच्या गटात वारंवार घडत होते. आता बदली चालक महिन्यातून एकदा मुख्य चालकाच्या शेजारी बसून फेरी करतो.

चार-पाच कुटुंबांनी मिळून व्हॅन ठरवायची असेल तर ती पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक परवान्याचीच असावी. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्वस्त पडते म्हणून हा धोका पत्करू नये. योग्यता प्रमाणपत्र, विमा, चालकाचा परवाना आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी यांच्या प्रती गटाकडे ठेवाव्यात. खर्च मोजताना मुले उतरवल्यावर रिकाम्या परतणाऱ्या फेरीचे इंधनही धरावे, नाहीतर तिसऱ्या महिन्यात चालक आणि पालक यांच्यात कुरबुर सुरू होते. सर्वांत शेवटी बसणाऱ्या मुलाचा प्रवास सर्वांत लहान असतो. म्हणून ज्याला बंद गाडीत फार वेळ सहन होत नाही त्याला शेवटी घ्यावे आणि परतताना पहिल्यांदा सोडावे.

शाळेची बस असेल तर महाराष्ट्रातील शालेय बस नियम, २०११ लागू होतात. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि बसमध्ये मदतनीस असावा लागतो. विशेष शाळेच्या पालकांनी या समितीची बैठक होते की नाही हे आवर्जून पाहावे आणि मदतनीसाला झटका, घाबरणे व गाडीतून पळून जाण्याचा प्रयत्न या तिन्ही प्रसंगांचे प्रशिक्षण मिळावे असा आग्रह धरावा. वडापविषयी, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खाजगी जीपविषयी, मात्र माझे मत स्पष्ट आहे. दाटीवाटीने भरलेल्या, वेळ आणि थांबा निश्चित नसलेल्या जीपमध्ये विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीने एकट्याने प्रवास करू नये.

कायदा, सवलती आणि निधी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी त्यांत येतात. कलम ४१ वाहतुकीविषयी आहे: बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांवरील सुविधा, वाहनांची सुगम्यता आणि रस्ते ही शासनाची जबाबदारी ठरते. निवेदनात आणखी एक मुद्दा घालावा, जो बहुतेक निवेदनांत राहून जातो. याच कायद्यातील संवादाच्या व्याख्येत सोपी भाषा आणि दृश्य फलकही येतात. त्यामुळे चित्रफलकाची मागणी हा उपकार मागणे ठरत नाही, ती कायद्याच्या चौकटीतच बसते. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश दिले, त्याचाही उल्लेख करावा.

सवलतींसाठी प्रथम वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. तपासणी व प्रमाणपत्रासाठी आपल्या जिल्ह्यात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात जावे लागते. रांगेत बसणे ज्याला अशक्य आहे त्याच्यासोबत दोन माणसे जावीत, एकाने रांगेत थांबावे आणि दुसऱ्याने बाहेर मोकळ्या जागेत त्याला सांभाळावे. एस.टी.च्या साध्या बसमध्ये किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास सोबतीलाही ५० टक्के सवलत आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला रेल्वेच्या शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत मिळते व ती सोबत्यालाही लागू होते.

शाळकरी मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता यांची तरतूद आहे. मुख्याध्यापकांकडे त्याची चौकशी करावी. अठरा वर्षांनंतर मात्र शाळा सुटते आणि तिच्याबरोबर हे भत्तेही सुटतात, आणि नेमक्या त्याच वयात आपली मुले घरात बसू लागतात. त्यांच्यासाठी महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी दिव्यांग कल्याणासाठी स्वतःच्या उत्पन्नातून राखून ठेवायच्या पाच टक्के निधीकडे पाहावे. हा निधी कशावर खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मग थेट मागणी करावी, उदाहरणार्थ, अमुक मार्गावरील अमुक थांब्यांवर चित्रफलक, किंवा तमुक कार्यशाळेच्या फेरीसाठी मदतनीसाचे मानधन. “दिव्यांगांची वाहतूक सुधारावी” असे लिहिलेल्या निवेदनावर पोच मिळते, काम होत नाही. वहीतील दोन आठवड्यांच्या नोंदी निवेदनाला जोडाव्यात. दाद लागली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते.

पूर, नवरात्र आणि मिरवणुका

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या परिसरात पाणी शिरले होते, म्हणजे भावाच्या रोजच्या वाटेच्या आसपासच. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पातळी ३९ फुटांकडे सरकू लागली की त्याला एकट्याने पाठवणे थांबवतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच, पर्यायी रस्त्याच्या दोन-तीन फेऱ्या करून त्याचीही पुस्तिका तयार ठेवावी आणि पाण्याने भरलेल्या रस्त्याचे छायाचित्र दाखवून “असे दिसले की पुढे जायचे नाही, फोन करायचा” हे आधी शिकवावे. औषधांचा पंधरा दिवसांचा साठा घरात असावा.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी येणाऱ्या गर्दीमुळे महाद्वार रोड, भवानी मंडप आणि बिंदू चौकाच्या परिसरातील वाहतूक वळवली जाते. गणेश विसर्जनात त्यात डॉल्बीच्या आवाजाची भर पडते, जो स्वमग्न व्यक्तीला अक्षरशः शारीरिक वेदना देऊ शकतो. वाहतूक शाखा मार्गबदलाची सूचना आधी जाहीर करते. ती वाचून, भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवसांवर वेगळ्या रंगाची चौकट काढून, “या दिवशी बस नाही, दादाच्या गाडीवरून” असे चित्र लावावे. आयत्या वेळी सांगितलेल्या बदलापेक्षा आठ दिवस आधी दिसलेला बदल सहन करणे त्याला कितीतरी सोपे जाते.

मोजणे चालू ठेवावे

दर सहा महिन्यांनी वही पुन्हा दोन आठवड्यांसाठी काढावी. वेळापत्रक बदलते, ओळखीचा वाहक दुसऱ्या मार्गावर जातो, रस्ता खणला जातो, आणि पक्के झालेले एखादे कौशल्य आजारपणानंतर मागे पडते. गटाने एकच आकडा सर्वांसमोर ठेवावा: प्रवास न जमल्यामुळे महिन्यात किती दिवस बुडाले. तक्रारी किती केल्या किंवा बैठका किती झाल्या यावरून त्या मुलांच्या आयुष्यात काय बदलले ते कळत नाही. बुडालेल्या दिवसांवरून कळते.

गेल्या महिन्यात भावाने छायाचित्रांच्या ढिगातून रंकाळ्याचे चित्र उचलून माझ्यापुढे ठेवले. त्याला रविवारी संध्याकाळी एकट्याने तेथे जायचे आहे. त्या मार्गावर बस बदलावी लागते, संध्याकाळी गर्दी असते आणि परतताना अंधार पडतो. नवी वही आणली आहे, आणि शेवटचा टप्पा, म्हणजे थांब्यापासून तलावाच्या कठड्यापर्यंतचे चालणे, आम्ही या रविवारपासून सुरू करतो आहोत.